नकाशावरची पट्टी

गोल्ड कोस्टचं घाना झालं, त्या वर्षी अण्णा शाळेतला आफ्रिकेचा नकाशा घरी घेऊन आले. माझे वडील भूगोल शिकवत. नवा नकाशा घ्यायला शाळा तयार नव्हती, म्हणून जुन्या नावावर कागदाची पट्टी चिकटवून नवं नाव लिहायचं. मैद्याची खळ मी केली होती, चांगली गुठळ्यांची.

"घाना हे नाव कुठून आलं?" मी विचारलं.

"त्या नावाचं एक जुनं राज्य होतं. पण इथं नव्हे, पार वर, वाळवंटाच्या बाजूला. ते बुडूनही शेकडो वर्षं झाली. आपले पूर्वज तिकडचे, असं हे लोक मानतात. म्हणून ते नाव घेतलं."

आजोबा खिडकीशी बसून ऐकत होते. टेबलावर माझा हायस्कूलचा अर्जही पडला होता. आमचं आडनाव साताऱ्याकडच्या एका गावावरून पडलेलं. तीनशे वर्षांपूर्वी आमची माणसं फौजेबरोबर बंगळूरला आली, त्यानंतर ते गाव कुणी पाहिलं नाही. उरलं ते आडनाव तेवढं. अर्जात अण्णांनी ते गाळलं होतं आणि इथल्या रीतीनं नावाआधी गावाचं अक्षर घातलं होतं, बंगळूरचा बी.

आजोबांनी अर्ज डोळ्यांशी धरला. "लेकीच्या नावावरही पट्टी मारलीस?"

"अप्पा, स्वल्प ऐका. ते गाव आपल्यापैकी कुणी पाहिलंय?"

"मग त्या घानावाल्यांनी तरी कुठं पाहिलंय? ते लांबचं नाव शोधून आणतात, आणि तू घरातलं टाकतोस."

खरं तर आडनाव गाळायचा हट्ट माझा. वर्गातल्या मुली त्याचे तुकडे पाडून हसायच्या, म्हणून मी रडून-ओरडून अण्णांचं डोकं खाल्लं होतं. एरवी मी भलती तोंडाळ, पण त्या दिवशी माझी दातखीळ बसली. अण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पट्टीवर 'घाना' लिहायला घेतलं.

अर्ज तसाच गेला. आजोबा मुलाशी कामापुरतंच बोलू लागले आणि दसऱ्याआधी वारले. मुलानं घराण्याचं नाव पुसलं, असंच समजून गेले. अण्णांनी त्यांना शेवटपर्यंत खरं सांगितलं नाही.

माझ्या सगळ्या सर्टिफिकिटांवर तो बी आहे. तो दिसला की अजून मला स्वतःची लाज वाटते. मी एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं.