हाताची चिठ्ठी

दुकानाची पायरी चढली की ती आधी पदराला हात पुसायची, दहाही बोटं माझ्यासमोर पसरायची आणि विचारायची, “बोटं दिसत्यात का?” झेंडू तोडून तोडून काळपट-पिवळी झालेली ती बोटं न दिसायला काय झालं! पण मी “दिसतायत, मावशी” म्हटल्याशिवाय ती स्टुलावर बसत नसे.

मोबाइलमध्ये नुकते कॅमेरे येऊ लागले होते, तेव्हाची ही गोष्ट. द्वारका चौकात माझं रिचार्ज आणि दुरुस्तीचं छोटंसं दुकान होतं. त्या काळी तुम्ही सकाळी तिथून जात असाल, तर तुम्हीही तिला पाहिलं असणार. माझ्या दुकानासमोर गोणपाट अंथरून ती फुलं विकायची. आडगावकडे तिचा फुलांचा मळा होता, म्हणजे मळा म्हणायचा एवढंच, अर्धा एकर. नवरा लवकर गेला. एकच मुलगा, तो जन्मापासून बहिरा, त्यामुळे बोलणंही नाही. पुण्यात एका छापखान्यात पुस्तकं बांधायच्या कामाला होता.

आता यांची पंचाईत बघा. फोन करावा तर त्याला ऐकू येत नाही. मेसेज करावा तर हिला वाचता येत नाही. तो मूकबधिरांच्या शाळेत लिहायला शिकला होता, म्हणून सुरुवातीला त्याचे मेसेज मी वाचून दाखवायचो. “मी बरा आहे. जेवलो. काळजी नको.” ती ऐकून घ्यायची आणि तोंड वाकडं करायची. “हे माझं पोरगं नाय बोलत, भाऊ. कुणीतरी मास्तर बोलतोय.”

तिचं पोरगं हातांनी बोलायचं. त्या दोघांची स्वतःची भाषा होती, शाळेतली नव्हे, चुलीपुढे बसून तयार झालेली. कानाची पाळी चिमटीत धरली की तो स्वतः. गुडघ्यावर बुक्की मारली की मामा, कारण मामाचा गुडघा बारा महिने दुखायचा. जमिनीवर शेजारी थोपटलं की ‘ये, बस.’

एक दिवस मीच तिला एमएमएसचं, म्हणजे मेसेजमधून व्हिडिओ पाठवायचं सांगितलं आणि समजावताना मला घाम फुटला.

“म्हंजे म्या हितं हात हलवला की त्याला तिथं दिसंल?”

“लगेच नाही, मावशी. आधी आपण इथे क्लिप काढायची, मग ती जाणार, मग तो उघडून बघणार.”

“मंग चिठ्ठीच की. हाताची चिठ्ठी.”

कंपनीचं चार पानी माहितीपत्रक मी दोनदा वाचलं होतं. त्यातून मला जे नीट कळलं नव्हतं, ते तिने तिथल्या तिथे निकालात काढलं. मुलाकडे कॅमेऱ्याचा फोन होताच. तिला मी एक जुना मिळवून दिला.

पहिल्या क्लिपमध्ये मी तिचा नुसता चेहरा घेतला, तर अंगावर आली. “तोंड कशाला घेतो? म्या काय तोंडानं बोलतीय?” क्लिप पंधरा सेकंदांचीच जायची. त्यात तिला विहिरीचं पाणी, मामाचा गुडघा आणि व्यायलेली शेळी, सगळं बसवायचं असायचं.

“मावशी, वीस सेकंद झाले.”

“बरं, मंग शेळी काढ.”

की पुन्हा पहिल्यापासून, शेळी वगळून. दुकानातली गिऱ्हाइकं आपलं काम विसरून बघत राहायची. त्याची क्लिप आली की ती फोन नाकाजवळ धरून बघायची आणि भर गर्दीत एकटीच खुदखुदायची. तेव्हा ती फार सुंदर दिसायची.

त्या वर्षी नवरात्रात त्याची एक वेगळी क्लिप आली. त्याच्या शेजारी निळ्या ड्रेसमधली एक मुलगी होती. तिने स्वतःच्या कानाला बोट लावून नाही अशी मान हलवली आणि हसली. मग त्याने गळ्याभोवती हात फिरवून माळ दाखवली आणि तळवा पुढे केला. करू का लग्न?

मावशीने ती क्लिप पाच-सहा वेळा पाहिली. “पोरगी ग्वाड हाय. पर दोघांनाबी ऐकू येत नाय, भाऊ. उद्या लेकरू रडलं तर उठायचं कोणी?”

चार दिवस ती दुकानाची पायरी चढली नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, झेंडूच्या ऐन विक्रीत, फुलं तशीच टाकून ती पायरी चढली. “काढ. आजच जाऊ दे.” माझ्याकडेही झुंबड होती. मी घाईघाईत क्लिप काढली. गळ्याभोवतीची माळ तेवढी ओळखली आणि मनात म्हटलं, चला, होकार आला. पाठवायचं बटण दाबलं, पडद्यावरचं पाकिटाचं चित्र हललं, तेवढ्यात कुणीतरी माझ्यापुढे बंद पडलेला फोन धरला.

“गेलं का, भाऊ?”

“गेलं, मावशी.”

त्यानंतर ती रोज यायची. “आलं का त्याचं काय?” मी आलेले मेसेज बघायचो आणि नाही म्हणायचो. “रागावलं असंल. लय दिस लावले म्या.” मी म्हणायचो, “कामात असेल, मावशी.” एवढ्यांदा तो फोन माझ्या हातात आला. एकदाही गेलेले मेसेज उघडून बघायचं मला सुचलं नाही.

दिवाळीच्या आधी शेवंती तोडताना ती वाफ्यातच खाली बसली आणि पुन्हा उठली नाही. मामाने छापखान्यात फोन करून मुलाला बोलावून घेतलं.

दहावा उरकून तो माझ्याकडे आला, तिचा फोन घेऊन. मी त्याला हातांवरूनच ओळखलं. त्याने खिशातून वही काढून लिहिलं, “मी विचारलं होतं. आईने उत्तर दिलं नाही. आई नाही म्हणाली का?”

मी फोन चालू केला. क्लिप आउटबॉक्समध्ये पडून होती. गेलीच नव्हती. मी वहीत लिहिलं, “गेलं म्हणालो, पण बघितलं नाही. चूक माझी आहे.” त्याने ते वाचलं. माझ्याकडे पाहिलं नाही, फक्त फोनसाठी हात पुढे केला.

तिच्या स्टुलावर बसून, फोन मांडीवर ठेवून तो बघू लागला आणि तिच्याबरोबर त्याचेही हात हलू लागले. कानाची पाळी. मग माळ. मग हातांचा पाळणा. मग तिने स्वतःच्या कानावर बोट टेकवलं, तळवा छातीवर ठेवला आणि शेजारची जागा थोपटली. लेकरू रडलं तर मला ऐकू येतं. मी आहे. या.

क्लिप संपली. त्याने ती पुन्हा लावली. इतकी घाई करूनही मी चांगली काढली होती. बोटं दिसत होती, दहाच्या दहा.