उरलेले तीन

माझे तीन भ्रूण सीमेपलीकडे गुजरातेतल्या एका दवाखान्यात, द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठवलेले होते. ते नेमके कुणाचे, यावर २०१६ सालचा अख्खा उन्हाळा नरपडच्या आमच्या घरात भांडण चाललं. सासूबाईंच्या मते ते घराण्याचे. सासऱ्यांच्या मते त्यांच्या मुलाचे. नवरा डहाणूच्या स्टेशनात तिकीट खिडकीमागे बसतो आणि घरीही खिडकी बंद करूनच येतो, त्यामुळे त्याचं मत कुणाला कळलं नाही. माझ्या मते ते माझे होते आणि मी ते संशोधनाला देणार होते.

त्याआधी काय घडलं होतं ते सांगायला हवं. आम्हाला मूल होत नव्हतं, म्हणून आम्ही त्या दवाखान्यात गेलो. पोटात इतक्या सुया टोचून घेतल्या की नंतर नंतर कुठे टोचायची हे नर्सच मला विचारायची. प्रयोगशाळेत भ्रूण तयार झाले. त्यांतला एक पोटात सोडला, तो रुजला नाही. दुसरा सोडला, तोही नाही. का नाही, असं विचारलं की तिथल्या डॉक्टर म्हणायच्या, "बेन, खरं सांगू? माहीत नाही." तिसरा रुजला. पाचव्या महिन्यात इतका रक्तस्राव झाला की माझा जीव वाचवायला गर्भाशयच काढून टाकावं लागलं. तेही का, ते माहीत नाही. मी तलासरीच्या शाळेत विज्ञान शिकवते. मुलांना 'का' विचारायला शिकवायचं आणि स्वतःच्या पोटाबद्दल 'माहीत नाही' ऐकून गप्प बसायचं, हे मला जमणारं नव्हतं. संताप संताप झाला होता माझा.

मी सावरल्यावर डॉक्टरांनी उरलेल्या तिघांचं काय करायचं ते विचारलं. दुसऱ्या बाईच्या पोटात वाढवता आले असते. पण ज्यातून मी मरता मरता वाचले ते कुणा गरजू बाईच्या गळ्यात मारायची माझी तयारी नव्हती. दुसऱ्या जोडप्याला देता आले असते. मग मी जन्मभर प्रत्येक जत्रेत पोरांचे चेहरे न्याहाळत फिरले असते. दुःख मोठं आहे म्हणून मनही मोठं असायलाच हवं, असं थोडंच आहे? टाकून देता आले असते. तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, मुंबईतली एक प्रयोगशाळा नेमकं हेच शोधतेय, की काही भ्रूण रुजतात आणि काही का रुजत नाहीत. मी त्याच क्षणी म्हटलं, द्या त्यांना. पण नियमानं नवऱ्याचीही संमती लागत होती.

घरी सांगितलं आणि आभाळ कोसळलं.

सासूबाईंनी त्या भ्रूणांचा फोटो देवघरात ठेवला होता. दवाखान्यातून मिळालेला काळा-पांढरा फोटो, त्यात गोल गोल बुडबुडे. सासूबाईंनी त्याच्या कोपऱ्यात काजळाची तीट लावली होती, दृष्ट लागू नये म्हणून. मी सुरुवातीला हसले होते त्याला. आता त्या म्हणाल्या, "माझी नातवंडं परक्या लोकांना चिरायला देतेस? घरी आण त्यांना. आपल्यात दात न आलेलं लेकरू जाळत नाहीत, पुरतात. वाडीच्या टोकाला जागा आहे."

"आई, त्यांना अजून हातपाय नाहीत, दातांचं काय घेऊन बसलात?"

"नसू देत. आपली आहेत ना?"

सासऱ्यांशी मी दुसऱ्या बाजूनं भिडले. आमची चिकूची वाडी आहे. त्या वर्षांत झाडांवरच्या कळ्या गळत होत्या, आणि सासरे गळलेल्या कळ्या रुमालात बांधून शेतकी केंद्रात घेऊन जायचे. तिथे त्या चिरून बघत. मी म्हटलं, "बाबा, कळी का गळली हे कळावं म्हणूनच देता ना चिरायला? मी वेगळं काय करतेय?"

ते शांतपणे म्हणाले, "कळी आपलं आडनाव लावत नाही."

"मग माझ्या माहेरचं लावा."

त्यानंतर आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. माझं काही अडलं नाही.

शाळेतल्या एका सहकारी बाईंना मी हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "एवढं काय त्यात? पेशीच तर आहेत." मला त्यांचाही राग आला. नुसत्या पेशींसाठी मी सुया टोचून घेतल्या नव्हत्या. ते माणूस नव्हते, हे मला ठाऊक होतं. चौदा दिवसांपुढे प्रयोगशाळेत वाढवायचे नाहीत असा नियम आहे, आणि तोवर त्यांत मज्जातंतूचा मागमूसही नसतो, हेही ठाऊक होतं. पण ते काहीच नव्हते असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरायचं. काही नसतं तर दिलं काय असतं मी? आपलं असतं तेच देता येतं.

शेवटी एका शनिवारी नवरा म्हणाला, "चल, दवाखान्यात जाऊ." मला वाटलं, तयार झाला. गाडीत बसताना बघते तर मागच्या सीटवर मासे ठेवायचा थर्माकोलचा मोठा डबा. वरोरच्या एका ओळखीच्या मच्छीवाल्याकडून तो धुऊन, पुसून, बर्फानं गच्च भरून आणला होता. वर सासूबाईंनी दिलेलं नवं कोरं पांढरं फडकं.

"हे काय?"

"आईला शब्द दिलाय. घरी आणायचे."

रस्ताभर मी तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर गाडी थांबवावी लागली असती.

डॉक्टरांनी डबा पाहिला आणि त्यांना आधी कळेचना. "बेन, आ शुं लाव्या?" मी म्हटलं, "यांनाच विचारा." नवऱ्यानं सांगितलं. त्या हसल्या नाहीत, त्याबद्दल मी त्यांना आजही मानते. त्यांनी आम्हाला टाकीच्या खोलीच्या दारापर्यंत नेलं, झाकण उघडून दाखवलं. पांढरी वाफ जमिनीवर उतरली. त्या म्हणाल्या, या थंडीपुढे तुमचा बर्फ म्हणजे चुलीवरचं पाणी. डब्यात ठेवले तर दाराबाहेर पडायच्या आत संपतील, आणि घरी जाऊन उघडाल तेव्हा डोळ्यांना दिसणारही नाहीत.

नवरा तो डबा दोन्ही हातांनी धरून उभा होता. "म्हणजे पुरायचं काय?" त्यानं विचारलं. आणि तिथेच, नर्सच्या समोर, ढसाढसा रडला. ऑपरेशनच्या दिवशीही तो रडला नव्हता. मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं आणि मी घेतलंही. पण माझं म्हणणं सोडलं नाही. त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, "पुरलं की प्रश्न संपतो. मला तो संपवायचा नाहीये. तुम्हाला नको असेल तर तसं सांगा, पण तुमच्या तोंडानं सांगा. आईच्या नको."

डबा खाली ठेवून तो म्हणाला, "देऊ या. पण आईला तू सांग."

"सांगते की. भिते काय?"

भीत होते. तरी कागदांवर दोघांच्या सह्या करून घरी आल्याबरोबर सांगितलं. त्या ओट्यावर चिकू निवडत होत्या. हात थांबले नाहीत.

"त्यांना दुखेल?" त्यांनी विचारलं.

"नाही. दुखायला जे लागतं ते अजून तयारच झालेलं नाही त्यांच्यात."

"आणि तुला?"

"मला दुखतंय, आई. रोज दुखतं. म्हणून तर दिले."

त्यांनी एक फळ हातात फिरवलं, दाबून पाहिलं, बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याच्या आधी माझी दोन लेकरं गेली. एक जन्मतानाच गेलं, एक महिन्याभराचं होऊन. सासू म्हणाली, तुझंच काहीतरी चुकलं असणार. मी पण तेच धरून चालले. का गेली, ते कुणी बघितलंच नाही." पुढचं फळ उचलून म्हणाल्या, "त्या मुंबईवाल्यांना काही कळलं, तर मलाही सांग."