सोनेरी माशांचा वॉर्ड

सासूबाई नांदेडहून आमच्याकडे नल्लकुंट्याला कायमच्या राहायला आल्या, तेव्हा त्यांना करायला काहीच नव्हतं. सारी नोकरी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढलेली. इथे शेजारी तेलुगू, आम्ही दोघं ऑफिसात. दिवसभर त्या हॉलमधल्या माशांच्या टाकीसमोर बसायच्या आणि संध्याकाळी परत जायचा विषय काढायच्या.

एकदा माझ्या नवऱ्याने दोन नवे मासे आणून थेट टाकीत सोडले. आठवडाभरात सगळ्याच सोनेरी माशांच्या अंगावर रव्याएवढे पांढरे ठिपके उठले. ते तळाच्या खड्यांवर अंग घासू लागले, खाणं सुटलं. मी मलकपेठच्या दुकानात फोटो दाखवला. दुकानदार म्हणाला, "ये बचते नैं मॅडम. फेंक देओ, नए ले जाओ."

घरी येऊन मी तसं सांगितलं. आईंनी चष्मा लावून टाकीत बराच वेळ पाहिलं.

"डॉक्टरने आशा सोडली म्हणून नर्स पेशंट सोडत नसते," त्या म्हणाल्या. "औषध आण."

मी औषध आणलं. बाटलीवरचं बारीक इंग्रजी त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. रोग एका माशाचा नाही, सगळ्या पाण्याचा आहे, हे कळल्यावर औषध टाकीतच द्यायचं ठरलं. औषध शोषून घेणारा कोळसा त्यांनी फिल्टरमधून काढायला लावला. हीटर लावून पाणी हळूहळू कोमट केलं. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास यायचा, म्हणून ते बादलीत साठवून, क्लोरीन मारणारे थेंब घालून, टाकीइतकं कोमट झाल्यावरच आत जाई. रोज थोडं जुनं पाणी काढायचं, तळाची घाण ओढायची, नवं पाणी भरायचं. बादलीला दुसऱ्या कशासाठी हात लावायची आम्हाला बंदी होती.

नव्यांपैकी एक मासा गेला. त्या दिवशीही आईंचं पाणी बदलायचं चुकलं नाही.

मग ठिपके गळू लागले. नवरा म्हणाला, झालं, आता औषध थांबवू. आई म्हणाल्या, ताप उतरला म्हणजे रोग गेला असं नसतं. रोगाचं बी तळाशी असणार. बाटलीवरची मुदत त्यांनी पुरी करून घेतली.

एका रविवारी सकाळी त्यांनी मला हाक मारली. सगळ्यात मोठा मासा, जो कोपऱ्यात निपचित पडून असायचा, वर येऊन दाणे खात होता. मागोमाग बाकीचे आले. अंगं लख्ख, पर पसरलेले. आईंनी पदराने काच पुसली आणि म्हणाल्या, "डिस्चार्ज."

मी त्यांना मिठी मारली. त्या लाजल्या, पण हसतच होत्या.

बातमी बिल्डिंगभर झाली. पुढच्या आठवड्यात खालच्या मजल्यावरच्या तेलुगू बाई स्टीलच्या डब्यात एक मलूल मासा घेऊन आल्या. आईंना तेलुगू येत नव्हतं, त्यांना मराठी. आईंनी डबा उजेडात धरला, माशाकडे निरखून पाहिलं आणि बोटाने खूण करून त्यांना खुर्चीवर बसायला सांगितलं. नांदेडला परत जायचा विषय त्यांनी त्यानंतर काढला नाही.