जुन्या स्पोर्ट्स कारचा दरवाजा

गॅरेजमध्ये बशीरभाई डोळे मिटून दरवाजाच्या पत्र्यावरून तळहात फिरवत होते. वडिलांच्या जुन्या स्पोर्ट्स कारचा दरवाजा टेम्पोच्या धक्क्याने चेपला होता, म्हणून मी त्याच मॉडेलचा दुसरा शोधून आणला होता. तो काही केल्या लागेना.

"ताई, हा दुसऱ्या गाडीचा आहे."

"मॉडेल तर एकच आहे."

"मॉडेल एक, पण ठोकणारे हात वेगळे. तेव्हा तिकडे परदेशी कारखान्यात कामगार लाकडी साच्यावर पत्रा ठोकायचे आणि ज्या त्या गाडीला दरवाजा बसवून बघायचे."

त्यांनी चेपलेल्या दरवाजाचं अस्तर उचकटून दाखवलं. आत हाताने लिहिलेला एक आकडा होता. गाडीच्या चौकटीवरही तोच. हा दरवाजा मी भंगारात देणार होते.

"सरळ होईल?"

"होईल. फक्त रोज फोन करू नका."

आठ दिवसांनी दरवाजा एका बोटाने लागला. आपण रोज किती गोष्टी सहज उघडतो, लावतो. कुणीतरी त्या आधी दहा वेळा लावून पाहिलेल्या असतात. त्या परक्या कारखान्यातल्या माणसाचे आभार मानायला पत्ता नव्हता, म्हणून बशीरभाईंचे दोनदा मानले.

"एकदा पुरे होतं, ताई," ते म्हणाले आणि हात पुसायला फडकं शोधू लागले.