सासूसुनेचा कोयता

शेतकी खात्यातून निवृत्त झाल्यावर मी घरात गप्प बसेन अशी घरच्यांची समजूत होती. ती महिनाभरही टिकली नाही. हातकणंगल्याजवळच्या आमच्या गावात दरवर्षी बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, माळावर पाल्याच्या झोपड्या, म्हणजे कोप्या, घालतात आणि हंगाम संपला की निघून जातात. त्यांतल्या काही बायांना ऊसरोपांच्या नर्सरीतलं काम शिकवायचं आणि इथंच बारमाही नोकरीला लावायचं, असं मी मनावर घेतलं. आमच्या भागात नर्सऱ्या आता पैशाला पासरी झाल्यात आणि प्रत्येक मालकाचं रडगाणं एकच, कामाला माणूस मिळत नाही. इकडं माणसं, तिकडं काम. मधे फक्त माझीच काय ती कमतरता होती, असं मला वाटलं. स्वतःविषयी माझं मत पहिल्यापासून चांगलं आहे.

तरुण मंडळाच्या हॉलमध्ये वर्ग सुरू केला. ट्रक भरून गेला की दुपारचा एक तास. सहा बाया यायच्या, अंगाला उसाच्या पाचटाची खाजरी कूस लागलेली, डोळ्यांवर झोप. मी टेबलावर ऊस ठेवायची आणि त्याचा डोळा दाखवायची. डोळा म्हणजे पेराजवळचा तो बारीक उंचवटा, ज्यातून कोंब फुटतो. तो हातयंत्रानं कसा काढायचा, औषधाच्या पाण्यात कसा बुडवायचा, ट्रेमध्ये कसा लावायचा, सगळं मी घडाघडा सांगायची. मधूनच कुणी पेंगली की माझा आवाज चढायचा. आमच्या घरात माझ्या आवाजाला भोंगा म्हणतात.

सहाजणींत एक तिशीची बाई होती, ती कधी पेंगली नाही. नवरा चार वर्षांपूर्वी गेला होता. तोडीला ती सासूला घेऊन यायची. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्याला टोळीत जागा नाही. म्हणून या दोघींनी मिळून एक कोयता केला होता. सून तोडायची, मोळ्या डोक्यावर वाहायची. सासू बसून पाला काढायची, कारण तिचे गुडघे कामातून गेले होते. मी तिला मावशी म्हणायची. एकदा सहज वय विचारलं तर ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान निघाली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मुकादमानं सुनेला सांगून टाकलं होतं, पुढच्या साली ही म्हातारी चालणार नाही, दुसरा जोडीदार बघ. दुसरा आणणार कुठून? गावाकडं खडकाळ तुकडा, त्यावर दोघींचं पोट भरत नाही. इथं नोकरी मिळाली तर दोघी तरणार होत्या, नाहीतर पुढच्या हंगामापासून डोळ्यांसमोर काळोखच होता. हे तिनं मला एकदाच सांगितलं, न रडता, आणि लगेच विचारलं, "बाई, डोळा वर करून लावायचा का आडवा?"

आमच्या ओळखीत एक जैन शेतकरी आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. नर्सरी मोठी, जीभ त्याहून मोठी, पण शब्दाला पक्के. त्यांना बारमाही एक माणूस पाहिजे होतं. मी सुनेचं नाव पुढं केलं. अण्णा म्हणाले, "अक्का, तुमच्या सर्टिफिकेटचं मला काय लोणचं घालायचंय? कारखान्याला सुट्टी असंल त्या दिवशी पाठवा. बेण्याचा ऊस तोडून आणू दे. हात बघतो, मग बोलतो."

बेण्याचा ऊस म्हणजे ज्याची रोपं करायची तो. मी तिला फक्त एवढंच सांगितलं, वेळेवर जा आणि नीट काम कर. हे सांगणं तिनं फारच मनावर घेतलं.

सकाळी सातला मी अण्णांसोबत प्लॉटवर पोचले तर दोघी उजाडायच्या आधीपासून तिथं. बांधावर ऊस रचून ठेवला होता. जमिनीसरसा तोडलेला, शेंड्याचं हिरवं वाढं छाटलेलं, पाला कोयत्यानं खसाखसा सोललेला. पानाचा एक तुकडा अंगावर नाही. कारखान्याच्या काट्यावर असा ऊस गेला असता तर कुणीही शाबासकी दिली असती. सून घाम पुसत उभी होती, आणि कौतुकाची वाट बघत होती.

अण्णांनी एक ऊस उचलला, फिरवून बघितला आणि त्यांचा भोंगा वाजला. त्यापुढं माझा काहीच नाही. "अगं ए बाई, डोळं कुठं हाईत याचं? समदं उडवून टाकलंस की! आता ह्येची रोपं करू का गुऱ्हाळ घालू?"

बेण्याचा ऊस तोडताना त्याचा पाला काढायचाच नसतो. पाल्याच्या आत डोळा सांभाळला जातो. नंतर, लावायच्या वेळी, तो हातानं अलगद काढायचा. कोयता मारला की डोळा चेंगरतो नाहीतर तुटून पडतो. ही गोष्ट आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही माहीत असते.

मला राग आला. अण्णांचा नाही, तिचा. माझी अब्रू गेली ना! मी म्हटलं, "दीड महिना घसा फोडला मी. पालथ्या घड्यावर पाणी! हेच शिकवलं होतं का तुला?"

ती खाली बघत म्हणाली, "नाही, बाई. हे शिकवलंच नव्हतं. तुमचा ऊस रोज टेबलावर सोललेलाच असायचा."

बाणासारखं लागलं. खरंच होतं. रोज सकाळी आमचा गडी पाला काढून स्वच्छ पुसलेला ऊस हॉलवर आणून ठेवायचा आणि माझा धडा तिथून पुढं सुरू व्हायचा. शेतापासून टेबलापर्यंतचा ऊस मी शिकवलाच नव्हता. आयुष्यभर उंटावरून शेळ्या हाकल्या, त्या दिवशी उंटावरून पडले. अण्णांना मी म्हटलं, "चूक माझी आहे, तिची नाही." हे वाक्य माझ्या तोंडून कितीदा निघालंय ते घरच्यांना विचारा.

अण्णांनी हातातला ऊस बांधावर टाकला. सून मात्र खाली बसली. एकेक ऊस हातात घेऊन अंगठ्यानं डोळे चाचपू लागली आणि जे शाबूत होते ते बाजूला काढू लागली. दहा उसांत एखादा धड निघत होता. तिचे हात थांबत नव्हते. मला बघवेना.

तेवढ्यात अण्णांचं लक्ष बांधापलीकडं गेलं. "आन् त्यो काय ढीग?"

सून दचकली. "ते काई नाही, अण्णा. सासूचं हाय. थोडंच हाय."

सासूच्या हातून किती कमी काम होतं ते दिसू नये म्हणून तिचा ढीग सुनेनं बांधाच्या आड लपवला होता. अण्णांनी पलीकडं जाऊन एक ऊस उचलला. मग दुसरा. मग खालचे पाच-सहा ओढून काढले. म्हातारीला बसून कोयता मारता येत नव्हता, म्हणून ती हाताला चिंधी गुंडाळून एकेक पान बोटांनी सोडवायची. त्यासाठी टोळीत रोज बोलणी खायची. तिच्या उसावर पाला नव्हता, पण डोळे सगळे जागच्या जागी होते, बोट लावलं तरी टोचतील असे.

अण्णा म्हातारीसमोर उकिडवे बसले. "मावशी, बसून डोळं काढायचं काम हाय माझ्याकडं. शेडनेटखाली, सावलीत. करशीला?"

ती म्हणाली, "करंन की. पर सून?"

"मला एकच माणूस पायजे हाय."

म्हातारी हसली. दात दोन-तीनच राहिले होते. "मुकादमापाशी आमचा दोघींचा मिळून येक कोयता हाय, दादा. तुमच्यापाशी बी येकच धरा. अर्धा आमी देत नसतो."

ज्या हिशेबानं त्या दोघींना इतकी वर्षं छळलं होतं, तो तिनं अण्णांच्याच गळ्यात घातला. अण्णा माझ्याकडं बघून म्हणाले, "अक्का, ही तुम्हाला बाजारात इकून येईल की!" मग पाला तुडवत बांधाच्या अलीकडं आले. सुनेनं निवडून ठेवलेले ते मोजके शाबूत ऊस त्यांनी पुन्हा एकदा बघितले. "बरं. हंगाम सपला की दोघी या. खोली हाय. म्हैनाभर बघणार, मग पक्कं."

महिन्यानं पक्कं झालं. सून आता ट्रे भरते, पाणी बघते, आणि नवीन बायकांना मी आधी तिच्याबरोबर उभ्या उसात पाठवते. मी मागून जाते. ऐकून घ्यायची सवय उशिरा लागतेय, पण लागतेय.

नर्सरीला बाजाराच्या दिवशी सुट्टी असते. त्या कामाला लागल्यावर पहिल्याच सुट्टीला सकाळी नऊ वाजता म्हातारी माझ्या दारात उभी. नवं लुगडं, तेल लावलेले केस. मला वाटलं काहीतरी बिनसलं.

"काय झालं, मावशी?"

"काई नाही. सून बाजारला गेली. बाई, सुट्टीच्या दिवशी काय करायचं असतं?"

मला आधी कळेचना. मग म्हटलं, "जोतिबाला जाऊन या. डोंगर काही लांब नाही."

"जाऊ की. फुडच्या सुट्टीला." तिनं 'फुडच्या' शब्द जरा हळू, चव घेत म्हटला. "पर आज काय करायचं?"

"काहीच करायचं नसतं."

"आन् पगार कापत नाहीत?"

"नाही."

तिनं माझ्याकडं नीट बघितलं, मी चेष्टा तर करत नाही ना याची खात्री केली, आणि सोप्यातल्या खांबाला टेकून दोन्ही पाय लांब पसरले. मी चहा टाकायला आत गेले आणि शेगडीपुढं उभी राहून रडले. पस्तीस वर्षं नोकरी केली, एकाही रविवारी हा प्रश्न मला पडला नव्हता. चहा घेऊन बाहेर आले तर ती बसल्या जागी झोपली होती. मी तिला उठवलं नाही. दोन्ही कप मीच प्यायले.