लावलेले केस

क्लिनिकमध्ये माझ्या शेजारी बसलेला माणूस थोड्या थोड्या वेळाने टोपी काढतो, मोबाइलच्या कॅमेऱ्यात टाळू बघतो आणि टोपी पुन्हा चढवतो. त्याने नुकतेच केस लावून घेतलेत, माझ्यासारखेच. आणि ते आता गळताहेत, तेही माझ्यासारखेच. मुळं आत शाबूत आहेत, केस परत येतील, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलंय. पण सकाळी उशीवर केस दिसले की ते सांगणं कुठच्या कुठे जातं.

"तुम्ही ते आपल्याच रक्ताचं इंजेक्शन घेताय का?" त्याने विचारलं. "की ती केस वाढवणारी लाल दिव्यांची टोपी?"

"डॉक्टर म्हणाल्या, काहींना थोडा फायदा होतो. नाही घेतलं तरी चालेल."

"चालेल कसं? नुसतं बसून राहायचं?"

मीही त्या इंजेक्शनसाठीच आलो होतो. उपचार डोक्याला हवा होता की या चुळबुळणाऱ्या हातांना, कुणास ठाऊक.

वडील गेले तेव्हा दहाव्याला मुंडण केलं होतं. मग पाहुणे, कागदपत्रांच्या चकरा, आईचं तासन्‌तास खिडकीत बसणं. केसांकडे बघायला सवड कुणाला होती? एके दिवशी आईने माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "अरे, भांग पाड की आता."

आतून माझं नाव पुकारलं. मी उठलो, माझी टोपी काढली आणि जाता जाता शेजाऱ्याच्या मोबाइलमध्ये वाकून माझंही डोकं बघून घेतलं.