फोंड्याच्या देवळातलं रेकॉर्डिंग

बायको गेल्यावर तिची थोरली बहीण मांद्र्याहून आमच्याकडे डिचोलीला राहायला आली. तेराव्यानंतर एका सकाळी ताई म्हणाल्या, "भावोजी, फोंड्याच्या देवळातलं तिचं भजन तुम्ही कॅमेऱ्यावर घेतलं होतं ना? ते बघूया."

फाईल माझ्या लॅपटॉपवर होती. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स आहे. पाळी गावच्या खाणीवर नोकरीला असताना शिकलो, तेच पुढे घरीही चालू ठेवलं. फाईल जुनी होती, उघडेना. ताईंनी फोनवर शोधून असे व्हिडिओ चालवणाऱ्या प्लेअरची एक साईट दाखवली. "हे बघा, डाउनलोडचं बटण. दाबा."

"नको, ताई. हे कोणी बनवलंय, आत काय घातलंय, काही कळत नाही. तिचे सगळे फोटो ह्याच मशीनवर आहेत."

"मग आणणार कुठून?"

"लिनक्सवाल्यांचं स्वतःचं भांडार असतं. त्याला रिपॉझिटरी म्हणतात. तिथलं प्रत्येक सॉफ्टवेअर त्यांच्या सहीचं. उतरवून घेतलं की मशीन आधी ती सही तपासतं, मगच बसवतं."

मी एवढं नीट समजावून सांगतोय याचं माझं मलाच नवल वाटलं. त्या दिवसांत कोणी भेटायला आलं तर मला दोन वाक्यं जुळवता येत नव्हती.

आधी भांडाराची माहिती ताजी करून घेतली. मग प्लेअरचं नाव शोधलं. मशीनने पासवर्ड मागितला, तो दिला. मध्येच नेट गेलं. ताईंनी चहा केला, मी त्यात उंडा पाव बुडवून खाल्ला. नेट आलं आणि काम पुढे सरकलं.

व्हिडिओ लागला. बायको मागच्या रांगेत टाळ वाजवत होती. गाणं संपल्यावर सरळ माझ्याकडे बघून म्हणाली, "अहो, पुरे आता. प्रसाद घ्यायला चला."

ताई पदर तोंडाला लावून रडल्या. मी पडद्याकडे बघत होतो. आवाज जरा कमी येतोय, एवढंच मनात आलं. मी तो वाढवला.

ताईंना पेनड्राइव्हवर कॉपी करून दिली. दुसऱ्या दिवशी त्या मांद्र्याला परतल्या. त्यांच्या गेस्ट हाऊसवर पाहुणे यायचे होते.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "पोचले. तुम्ही परत बघितलंत?"

"नाही."

"जेवलात?"

"भात लावलाय."

"बरं," म्हणाल्या, आणि मी फोन कानाला लावूनच भाताखालचा गॅस बारीक केला.